एक वाजताची तासिका

सहल कशी आखावी हे पनवेल तालुक्यात कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! ही फुशारकी नाही. कामोठ्याच्या एका शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवतोय. या बावीस वर्षांत शंभरेक सहली नेल्या आणि जेवढी मुलं नेली तेवढीच परत आणली. एकदा एक मूल जास्त आलं होतं, पण ते शेजारच्या शाळेचं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत करून टाकलं.

तर असा माणूस स्वतःच्या घरच्यांना घेऊन थेट स्कॉटलंडला निघतो, तेव्हा तो काय तयारी करत असेल? चौदा पानांचं वेळापत्रक! शाळेसारख्या तासिका पाडलेल्या. पाच दिवस लंडन, तीन दिवस एडिंबरा. शनिवार, तासिका तिसरी: किल्ला बाहेरून बघणे. तासिका चौथी: किल्ला आतून बघणे. तासिका पाचवी, दुपारी एक वाजता: किल्ल्याच्या पायथ्याशी शांत ठिकाणी डबा.

'शांत' या शब्दाखाली मी लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या. त्याला कारण होतं, आणि ते कारण विमानात माझ्या शेजारीच पांढरी टोपी घालून बसलं होतं. दाजी!

दाजी म्हणजे माझे वडील, बुधाजी घरत. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. आमचं मूळ गाव उलव्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. विमानतळासाठी तो डोंगर कापला आणि गाव उठलं. पण गाव उठायच्या आधीची दीड-दोन वर्षं आम्ही सुरुंगांच्या शेजारात काढली. पद्धत ठरलेली. आधी भोंगा वाजायचा. भोंगा झाला की सगळ्यांनी घराबाहेर पडायचं, कारण भिंतींना तडे गेलेले आणि कौल कधी डोक्यात येईल त्याचा नेम नाही. मग धडाम! मग दुसरा भोंगा. दुसरा भोंगा झाला की आत जायचं आणि जेवण पुढे चालू. गावातल्या लोकांना बाहेर काढायचं काम दाजींनी आपणहून अंगावर घेतलं होतं. एका हातात पितळी थाळी, दुसऱ्या हातात पळी, आणि सगळी आळी दणाणून सोडणारा आवाज. आळीत एखादी म्हातारी आत राहिली, तर तिला बाजेसकट बाहेर आणायचे!

माझी मुलगी, पूर्वी, तेव्हा आठवीत होती. फुटलेल्या डोंगराचे दगड गोळा करून ती खिडकीत मांडून ठेवायची. आम्हाला वाटलं, खेळ आहे. पण पोरगी त्याच नादानं भूगर्भशास्त्र शिकली आणि गेल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून एडिंबऱ्याला गेली. एका वर्षाचं शिक्षण संपत आलं, तर तिथल्या विद्यापीठानं पुढच्या चार वर्षांच्या संशोधनासाठी बोलावलं. सगळं घर आनंदलं. फक्त दाजी गप्प!

"दाजी हो म्हणाला तरच मी राहीन," पूर्वीनं फोनवर सांगितलं. दाजींना 'अरे-तुरे' करायचा हक्क आमच्या घरात तिला एकटीला आहे. "त्याला दुखवून मला इथं चार वर्षं झोप लागायची नाही, बाबा."

आणि दाजींनी सांगितलं, "मी सोता जाऊन गाव बगनार. मंग बोलनार. आमाला पन कागदावर सगला चांगलाच दाखवला व्हता!"

म्हणून ही सहल. सोमवारी सकाळी परतीचं विमान, आणि विमानात बसायच्या आधी दाजींनी हो किंवा नाही सांगायचं. म्हणजे तीन दिवसांत मला एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की एडिंबरा हे जगातलं सगळ्यात शांत, सगळ्यात सुरक्षित शहर आहे. भूगोलाच्या शिक्षकाला हे काय अवघड?

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. शनिवारी सकाळी पूर्वी प्रयोगशाळेत गेली. तिचे काही दगड यंत्रात घातलेले होते आणि ते काढल्याशिवाय तिला येता येणार नव्हतं. "दीड वाजेपर्यंत येते, तोवर तुम्ही तिघं फिरा," असं सांगून गेली. तिघं म्हणजे मी, दाजी आणि माझी बायको दमयंती.

तासिका पहिली आणि दुसरी छान पार पडल्या. जुने दगडी रस्ते, उंच उंच दगडी घरं, एका चौकात घागरा घालून पिपाणी वाजवणारा गडी. दाजी त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहिले. "आपल्या हलदीला यो पायजे व्हता," एवढंच म्हणाले. मी मनातल्या मनात बरोबरची खूण केली. दाजींना गाव आवडतंय!

तासिका तिसरी. आम्ही किल्ल्याच्या खडकाखाली आलो. काळाकभिन्न खडक, त्यावर किल्ला आणि खाली वस्ती. दाजी थांबले. मान वर करून बघत राहिले.

"हितेश, यो तं आपलाच दगड हाय!"

"अगदी बरोबर, दाजी!" मला एवढा आनंद झाला! "ज्वालामुखीचा काळा दगड. आपल्या डोंगराचा लांबचा भाऊच म्हणा!"

मला वाटलं, काय आपुलकी निर्माण केली! पण दाजींचा चेहरा उतरला होता. त्यांनी खडकाकडे बघितलं, खालच्या घरांकडे बघितलं, पुन्हा खडकाकडे बघितलं. मग रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथं पिवळी जाकिटं घातलेली चार माणसं उभी होती. तीन पायांवर काहीतरी यंत्र लावून एकजण त्यातून बघत होता.

"यी कोन?"

"रस्त्याचं काम असेल. मोजणी करत असतील," मी म्हणालो, आणि जीभ चावली. आमच्या घरात 'मोजणी' हा शब्द गेली दहा वर्षं कुणी उच्चारत नाही!

"मोजनी," दाजी म्हणाले. मग त्यांची नजर किल्ल्यावरच्या झेंड्याकडे गेली. "आनी वर बावटा लावलाय."

"दाजी, तो त्यांचा झेंडा आहे!"

"आमच्याकडं पन सुरुंगाआदी लावायचे. लाल."

"चला, तासिका चौथी!" मी घाईघाईनं म्हणालो.

 किल्ला आतून बघताना दाजींनी राजाच्या खोल्या बघितल्या नाहीत, मुकुट बघितला नाही. फक्त जिथं तिथं भिंतीला हात लावून तडे शोधत होते. ते सगळं घाईत उरकून आम्ही बरोबर पावणेएकला किल्ल्याच्या पायथ्याशी, मी नकाशावर आधीच हेरून ठेवलेल्या छोट्याशा चहाच्या दुकानात शिरलो. ठेंगणं दगडी छत, आठ-दहा टेबलं आणि लाल दाढीचा हसरा मालक. लोक एवढं हळू बोलत होते की कपात साखर पडलेली ऐकू येत होती. शांत! दोन रेघांसकट शांत!

मी चहा आणि तिकडचे ते गोड पाव मागवले. दमयंतीनं पिशवीतून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली.

"अगं, इथं? वास येईल!"

"तासिका पाचवी, डबा. तुमच्याच अक्षरात आहे," ती म्हणाली आणि भाकरी मोडली. शेजारच्या टेबलावर चाकांच्या खुर्चीत एक आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर केसाळ कुत्रं. कुत्र्यानं मान वर केली आणि जवळ्याच्या दिशेनं अत्यंत आदरानं बघितलं.

बारा एकोणसाठ. रस्त्यावरून कुठलीतरी रुग्णवाहिका गेली, भोंगा वाजवत.

दाजींच्या हातातला घास तसाच राहिला.

"भोंगा झाला," ते म्हणाले.

"दाजी, रुग्णवाहिका होती ती."

"भोंगा झाला, हितेश. मोजनी, बावटा, भोंगा."

"अहो दाजी, हे एडिंबरा आहे! इथं कुणी साधा हॉर्न वाजवत नाही! इतकं शांत शहर तुम्हाला अख्ख्या..."

धडाम!!

असा आवाज की कपबशा थरथरल्या, खिडकीची काच झणाणली!

पुढच्या काही क्षणांत आत काय झालं ते मी तुम्हाला बाहेरून जे दिसलं त्यावरून सांगतो. कारण मी तेव्हा बाहेर होतो. परिस्थितीचा अंदाज घ्यायला कुणीतरी बाहेर जावंच लागतं. ते असो.

आत दाजी उठून उभे राहिले होते. एका टेबलावरची गोल थाळी त्यांनी उचलली, काउंटरवरची सुपाची पळी उचलली, आणि दहा वर्षांनी तो आवाज पुन्हा एकदा घुमला. ठण ठण ठण ठण!

"भायेर! सगली भायेर! छपराखाली कोन थांबू नका! चला, चला, चला!"

आता तुम्हीच सांगा, तिथं आगरी बोली कुणाला कळणार? पण त्या आवाजात असं काहीतरी होतं, की कळायची गरजच पडली नाही! सगळ्यांना वाटलं, आग लागली. आणि काय लोक हो! कुणी किंचाळलं नाही, कुणी धक्का मारला नाही. प्रत्येकानं आपापला कप उचलला, एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हटलं, बाहेर आले आणि फुटपाथवर रांग लावली. लाल दाढीचा मालक हात पुसत सगळ्यांच्या शेवटी आला. त्याच्या मागून दाजी, आजीबाईंना खुर्चीसकट आणि कुत्र्यासकट ढकलत! त्यांच्यामागे दमयंती, भाकरीसकट.

दाजींनी पळी रोखून माणसं मोजली. "सव्वीस! हितेश, आत किती व्हती?"

"मला काय माहीत?"

"मास्तर ना तू? पोरा मोजतंस ना सहलीला?"

मी खाली बघितलं. तेवढ्यात मालकानं मला इंग्रजीत विचारलं, आग कुठं लागली? मी म्हणालो, आग नाही, स्फोट झाला! तो म्हणाला, कुठला स्फोट? मी म्हणालो, आत्ता एवढा मोठा आवाज झाला तो! तो म्हणाला, कुठला आवाज? मी आजीबाईंना विचारलं. त्यांनाही आवाज ऐकू आला नव्हता. रांगेतल्या एकाही माणसाला आला नव्हता!

 तो आवाज रोज ऐकून ऐकून त्यांना तो ऐकूच येत नाही, जसा पनवेलच्या एसटी स्टँडसमोर राहणाऱ्याला रिक्षाचा हॉर्न ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं? मला वाटलं, या लोकांपासून काहीतरी लपवलं जातंय!

"काय बोलतंय तो?" दाजींनी विचारलं.

"म्हणतो, आवाजच झाला नाही."

दाजींनी मालकाच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत खरीखुरी दया. "आमाला पन असाच सांगाचे रं, बाबा. काय नाय झाला, काय नाय झाला."

मालक बिचारा आत जाऊन बघतो म्हणाला. दाजींनी दारात पळी आडवी धरली. "दुसरा भोंगा झाल्याबिगर कोन आत जानार नाय!"

मी भाषांतर केलं. शिक्षकाचा आवाज लावून केलं, त्यामुळे मालकाला वाटलं की हा काहीतरी अधिकृत नियम आहे. तो परत रांगेत जाऊन उभा राहिला.

आणि मग पाऊस भुरभुरायला लागला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दुसरा भोंगा काही होईना. रांग मात्र हलेना. उलट वाढायला लागली! येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, चहाच्या दुकानाबाहेर पावसात एवढी माणसं उभी आहेत, म्हणजे चहा भलताच नामांकित असणार! तेही शेवटी येऊन उभे राहायला लागले. दाजींनी पुन्हा मोजलं.

"एकेचालीस!" ते दचकले. "हितेश, मानसा वाढली!"

मला माझी ती जुनी सहल आठवली.

शेवटी कुणीतरी फोन केला असावा. कारण दीड वाजायच्या सुमारास कोपऱ्यावरून आगीचा बंब आला, दणदणीत भोंगा वाजवत!

दाजींचा चेहरा उजळला. "झाला! दुसरा भोंगा झाला! चला, आत चला, सगली आत!"

आणि सव्वीस खुर्च्यांच्या दुकानात एकेचाळीस माणसं शिस्तीत शिरायला लागली. तिकडून बंबावरचे जवान उड्या मारून धावत आले. ते दारात उभे राहून ओरडतायत, बाहेर या! दाजी आत उभे राहून ओरडतायत, आत या! मधल्या मध्ये आजीबाई दोनदा आत आणि दोनदा बाहेर! कुत्र्यानं तेवढ्यात दमयंतीच्या हातातली अर्धी भाकरी जवळ्यासकट मिटवली.

याच क्षणी समोरून पाठीला पिशवी लावलेली, केस भिजलेली पूर्वी धावत आली.

"बाबा! काय केलंत तुम्ही?"

हे 'तुम्ही' फक्त मला उद्देशून होतं. दाजींना कुणी काही म्हणत नाही!

तिनं बंबाच्या साहेबाला सगळं सांगितलं. मग आम्हाला सांगितलं. किल्ल्यावर एक तोफ आहे. दुपारी एक वाजता ती उडवतात. एके काळी समुद्रातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून उडवायचे, आता प्रथा म्हणून. दगड नाही, सुरुंग नाही, नुसता आवाज. मग तिनं तेच इंग्रजीत दुकानातल्या लोकांना सांगितलं, आणि आमच्या डोंगराचंही सांगितलं.  मग चाकांच्या खुर्चीतल्या आजीबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. बंबाच्या साहेबानं तर दाजींना कडक सलाम ठोकला!

दाजींनी सलाम घेतला. पण ते हसले नाहीत. पळी आणि थाळी जागच्या जागी नेऊन ठेवली आणि म्हणाले, "घरी चला."

पूर्वीची खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. टेबलावर पुस्तकांच्या शेजारी एक काळा दगड होता, मुठीएवढा. दाजींनी तो उचलला, उलटापालटा केला. त्यांना विचारायची गरज नव्हती. आपल्या डोंगराचा दगड ते डोळे मिटून ओळखतील.

"पोरी," ते म्हणाले, "बॅग भर."

"दाजी, अरे ती तोफ आहे! खेळण्यासारखी!"

"आसंल. तुला आजी आठवती ना? डोंगराचा काम थांबला, गाव उठला, नव्या घरात ऱ्हावाला आलो. तरी दुपारच्याला निजली का दचकून उठाची. मरंपातूर. रोज दचकून जगनाऱ्या मानसाचा काय व्हतंय ते मी बगलाय. तुला मी हिथं चार वर्सा नाय ठेवनार."

माझी आई शांती जाऊन तीन वर्षं झाली.  पूर्वी उठली. "चहा ठेवते," म्हणून ती बाहेरच्या सामाईक स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ परत आली नाही.

आता काहीतरी करायलाच हवं होतं. बाप होतो मी तिचा!

"दाजी," मी म्हणालो, "आपल्याकडचा त्रास सुरुंगाचा नव्हता. तो कधी उडेल ते कळायचं नाही, त्याचा होता. बरोबर?"

दाजींनी विचार केला. "एक ते दोनमदी उडवतू म्हनून लिहून दिला व्हता. उडवाचे कवापन."

"इथं तसं नाही! बरोब्बर एकला! एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही! मग माणूस दचकेल कशाला? ऐकलंत ना, त्या लोकांना आवाजसुद्धा ऐकू येत नाही!"

"कागदावर सगलीच येल पालतात."

"मग उद्या स्वतः बघा! उद्या एकला आपण किल्ल्यासमोर उभे राहू. तोफ उडाली नाही, तर पूर्वीची बॅग मी स्वतः भरीन! शब्द दिला!"

दमयंतीनं मला जोरात चिमटा काढला. "अहो, शब्द कसला देताय? पोरीला विचारा तरी आधी!"

"त्यात काय विचारायचं? रोज म्हणजे रोज!"

"शबूद?" दाजी म्हणाले.

"शब्द!"

चहा घेऊन आलेल्या पूर्वीला मी यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, उद्या आश्चर्याचा धक्का देऊ.

दुसऱ्या दिवशी तिचे राहिलेले दगड यंत्रात होते, म्हणून ती जेवायच्या वेळेला डबा घेऊन येणार होती. आम्ही साडेबारालाच किल्ल्याखालच्या बागेत बाक धरला. दाजींनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. ते त्यांनी भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं, त्यामुळे ते साडेपाचची वाट बघत होते.

पाच पंचवीस. मी गुणगुणत होतो.

पाच एकोणतीस. "आता बघा हं, दाजी! कान झाका हवं तर!"

साडेपाच.

बागेत एक कबुतर उडालं. बाकी काही नाही.

"घड्याळ पुढे असेल तुमचं," मी म्हणालो.

पाच एकतीस. पाच चौतीस. मी मोबाइलमध्ये बघितलं, एक वाजून सहा मिनिटं. किल्ला आपला मख्खासारखा उभा! दीडशेहून जास्त वर्षं उडणारी तोफ, आणि नेमकी माझ्या शब्दाच्या दिवशी मूग गिळून गप्प!

"घ्या, भरा बॅग," दमयंती म्हणाली. पण तिचा आवाज चिडलेला नव्हता, रडवेला होता. मला तर त्या खडकावरून स्वतःलाच ढकलून द्यावंसं वाटलं. पोरीची चार वर्षं मी एका तोफेवर लावली होती! तीही तिला न विचारता!

 दाजी 'बग, मी सांगत व्हतो' असंसुद्धा म्हणाले नाहीत. घड्याळावर बाही ओढून घेतली आणि खडकाकडे बघत बसले. तेच जास्त लागलं.

सव्वाच्या सुमारास पूर्वी डबा घेऊन आली. आमचे चेहरे बघून थबकली.

"कोण आजारी पडलं का?"

मी खालच्या मानेनं सगळं सांगितलं. शब्द, बॅग, साडेपाच, कबुतर.

"बाबा!" तिनं कपाळावर हात मारला. "आज वार कुठला?"

"रविवार."

"रविवारी तोफेला सुट्टी असते!"

मी वेळापत्रक काढून बघितलं. खरंच रविवार होता. चौदा पानं लिहिली, पण हा तपशील राहून गेला होता!

"सुट्टी?" दाजी वळले. "कोनाला?"

"तोफेला, दाजी. दर रविवारी. नाताळाला पण नाही उडवत."

"सुरुंगाला सुट्टी?"

"हो रे, दाजी."



"गवरीचा दिस व्हता," दाजी हळूच म्हणाले. मला वाटलं, ते आमच्याशी नाही, स्वतःशीच बोलतायत. "तुजी आजी सोता गेली व्हती त्या सायबाकडं. मी नाय, ती गेली. बोलली, बाबा, एक दिस नको लावू. आज माहेरवाशीन जेवाला येतेय. एक दिस." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सायब बोलला, बगतू. आनी नैवेद्य वाढला तवाच उडवला. पानात माती पडली. दुसरा सैपाक केला तिनी. काय बोलली नाय. पन त्या दिसापासून दचकाला लागली."

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी शाळेत होतो. पानात माती पडल्याचं आईनं मला कधी सांगितलं नाही.

पूर्वी त्यांच्या पायाशी गवतावर बसली. दाजींनी तिच्या केसांवर हात ठेवला.

"दर आयतवारी सुट्टी देतात?"

"दर रविवारी."

"कोनी जाऊन मागाला लागत नाय?"

"नाही, दाजी. न मागता."

दाजींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, नीट केली. "मंग ऱ्हा," ते म्हणाले. "ऱ्हा तू हिथं. डब्यात काय हाय?"

पूर्वी एकाच वेळी रडली आणि हसली. दमयंतीनं डोळे पुसले आणि डबा उघडला. मीही डोळे पुसले, पण वारा फार होता म्हणून!

सोमवारी सकाळी निघालो. पूर्वीनं संशोधनाच्या कागदावर सही केली. आता गेले चार महिने आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेपाचला एकच कार्यक्रम असतो. दाजी तिला फोन लावतात, ती फोन खिडकीबाहेर धरते, आणि पनवेलच्या आमच्या ओटीवर बारीकसा 'धड' ऐकू येतो. "उडाला," म्हणून दाजी समाधानानं मान हलवतात, आणि मग चहा घेतात. शेजारचे म्हातारे हल्ली त्यावर घड्याळ लावतात. रविवारी मात्र दाजी फोन करत नाहीत. त्या दिवशी ते दुपारी जेवून गाढ झोपतात.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण त्या लाल दाढीच्या मालकानं घोळ केला. त्याच्या दुकानात कॅमेरा होता. त्यानं मोठ्या प्रेमानं त्या दिवशीचं सगळं चित्रण पूर्वीकडे पाठवलं, 'आजोबांसाठी भेट' म्हणून. पूर्वीनं ते घरच्या ग्रुपवर टाकलं. दमयंतीनं ते टीव्हीला जोडलं आणि अर्ध्या आळीला बघायला बोलावलं!

चित्रणात कोपऱ्यात वेळ दिसते. एक वाजून शून्य सेकंद, कप थरथरतात. सहाव्या सेकंदाला दाजी उठतात. आठव्या सेकंदाला थाळी उचलतात, आजीबाईंच्या खुर्चीकडे वळतात. सगळं कसं शांत, धीरानं. आणि दुसऱ्या सेकंदाला, म्हणजे दाजींच्या चार सेकंद आधी, बायको, बाप, चष्मा आणि चौदा पानी वेळापत्रक टेबलावर टाकून, तोंडात अख्खा गोड पाव धरून, एक मध्यमवयीन गृहस्थ दाराबाहेर उडी मारताना स्पष्ट दिसतात!

आळीतल्यांनी ते सहा वेळा मागे घेऊन पुन्हा पुन्हा बघितलं. दाजी एकटेच हसले नाहीत. "येलेचा पक्का हाय आमचा हितेश," एवढंच म्हणाले.

वेळापत्रक मी जपून ठेवलंय. फक्त शनिवारच्या पाचव्या तासिकेपुढचं 'शांत ठिकाणी डबा' खोडून तिथं लिहिलंय: मैदानी खेळ.